घासा, अजून घासा!

चांदीकाम करणाऱ्याच्या दुकानातला केरसुद्धा कुणी फेकत नाही. त्यात चांदीचे कण असतात. आम्ही तो डब्यात साठवतो आणि वर्षा-दोन वर्षांनी केर विकत घेणारा माणूस येऊन तो घेऊन जातो. गिऱ्हाईकं इथं जे किस्से सांडून जातात ते घ्यायला मात्र कुणीच येत नाही. ते सगळे माझ्या डोक्यात साचलेत. आज डबा रिकामा करते. आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. कुणाला आपलंच वर्णन वाटलं तर खुशाल वाटू द्या!

बारामतीत आमचं छोटं दुकान आहे. पुढच्या काउंटरवर नवरा बसतो आणि मशीनचा माल विकतो. मागे पडद्याआड मी बसते, लोकांचे दागिने उजळून देते. आणि दोघांच्या मध्ये, गादीवर, आमचे सासरे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, म्हणून मीही तात्याच म्हणते. मूळचे इंदापूरचे. सगळं आयुष्य हाताने नक्षी काढण्यात गेलं. आता हात थरथरतो, छिन्नी धरवत नाही. जीभ मात्र आहे तशी चालते.

तात्यांची खासियत म्हणजे कोयरीची वेल. चांदीच्या रुंद पाटलीवर एका कोयरीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी वेल फिरत जायची आणि पाटलीला पूर्ण वेढा घालून परत पहिल्या कोयरीला मिळायची. कुठं सुरू झाली आणि कुठं संपली, शोधून दाखवा! कागदावर कधी काढली नाही, थेट चांदीवर. दोन वर्षांपासून मी ती वेल शिकते आहे. सगळं जमतं, पण वेढा मिळवायची वेळ आली की माझी शेवटची कोयरी बसायला जागाच उरत नाही. एकदा रडकुंडीला येऊन तात्यांना विचारलं, "हा सांधा तुम्ही कसा मिळवायचा?"

तात्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "हाताला म्हायत हुतं. मला न्हाय."

म्हणजे आता एकच मार्ग उरला. तात्यांची एक तरी जुनी पाटली मिळायला हवी, जिच्यावरची नक्षी शाबूत आहे. ती बघून मी शिकेन. दोन्ही तालुक्यांत शेकड्यांनी पाटल्या गेल्यात, एक मिळणार नाही का? असं मला वाटायचं. मी भोळी होते.

*

पहिली पाटली आली ती इंदापूरच्या एका शाळेतल्या बाईंची. आजेसासूची आहे म्हणाल्या. मी अधाशासारखी हातात घेतली. वेल होती, पण धुक्यातून दिसावी तशी. कोयऱ्यांची नुसती पोटं उरली होती, टोकं गायब.

"मॅडम, कशाने घासता?"

"टूथपेस्टने. रोज. मी स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक आहे."

तात्या गादीवरून ओरडले, "अवो, दात तरी येवढं घासता का?"

बाईंना राग आला नाही. त्या मला शांतपणे समजावून सांगायला लागल्या, "त्याचं काय आहे, सासूबाईंना कवळी बसवली. त्यांची पेस्ट वाया जात होती ना!"

त्या दिवशी तात्यांनी नवऱ्याकडून एक पाटी लिहून घेतली आणि काउंटरवर लावली. 'रांगोळी, राख, टूथपेस्ट लावलेला दागिना पुढ्यात आणू नये. आणल्यास बोलणी खावी लागतील.' नवरा म्हणाला, गिऱ्हाईक तुटेल. तुटलं नाही. लोक पाटी वाचून हसतात आणि रांगोळी लावलेलाच दागिना पुढे करतात!

यातही तात्यांचा खरा दात रांगोळीवर. "रांगुळी म्हंजी दगडाचा चुरा. लेकराच्या गालावर दगड घासता का?" हे वाक्य मी किमान हजारदा ऐकलंय.

*

आता कुकरचं ऐका.

बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात. सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली. लाखेला ऊन पाणी चालत नाही, मेणासारखी वितळते. हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. प्रत्येक गिऱ्हाईक मान हलवतं.

एक बाई आल्या. ढोबळी मिरची आणि टोमॅटो पिकवणारं घर, हात कामाचा, बोलणं खणखणीत. पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात काळपट लगदा आणि त्यात चेपलेले सोन्याचे मणी, चुरमुऱ्यांवर पाय पडावा तसे.

"रिठ्याच्या पाण्यात उकळायचं म्हनत्यात ना, त्येच केलं."

"उकळायचं नसतं हो काकू! कोमट पाण्यात बुडवून लगेच काढायचं. आणि ही तर बोरमाळ, हिला तेही नाही. नुसतं ओलसर फडकं फिरवायचं. किती वेळ उकळलंत?"

"येळ कुठला? श्येतावर बाया खोळंबल्या हुत्या. कुकरला लावली."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किती शिट्ट्या?"

"तीन."

"बाई, तीन शिट्ट्यांत डाळ शिजती का?"

"शिजती की."

"मग लाख शिजायची ऱ्हाईल का?"

काकूंना ते पटलं. त्यांनी लगद्याकडे बघत मान डोलावली आणि अगदी मनापासून विचारलं, "मग किती घ्यायच्या हुत्या? दोन?"

*

कॉलेजच्या मुलींवर मी एरवी चिडत नाही. पण एक मुलगी आजीचे तोडे घेऊन आली. हाताने घडवलेले, खळग्याखळग्यात पन्नास वर्षांचं काळं बसलेलं. ते काळं असतं म्हणून तर नक्षी उठून दिसते! तात्या म्हणतात, "खळग्यातलं काळं म्हंजी डोळ्यातलं काजळ. पुसलं तर डोळा दिसायचा कसा?" म्हणून आम्ही फक्त वरचं उजळतो. खालचं काळं राखणं ही आमची कला आहे, आळस नव्हे.

मुलगी म्हणाली, "काकू, सगळं काळं काढा. एकदम व्हाइट."

मी पंधरा मिनिटं समजावलं. काजळ, डोळा, सगळं सांगून झालं. ती म्हणाली, ओल्ड वाटतं. शेवटी मी हात टेकले, तोडे ठेवून घेतले. मग ती पुढच्या काउंटरवर गेली, मशीनच्या झुमक्यांचा एक नवाकोरा पांढराशुभ्र जोड उचलला आणि नवऱ्याला म्हणाली, "दादा, हा ऑक्सिडाइज करून मिळेल? म्हणजे काळा. अँटिक दिसला पाहिजे!"

मी पडद्याआडून तोडे घेऊन बाहेर आले आणि तिच्यासमोर ठेवले. "हे घाल. फुकटात अँटिक आहे."

"ते जुनं आहे हो," ती म्हणाली.

*

वालचंदनगरच्या कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात जन्म गेलेल्या एका रिटायर्ड टर्नरसाहेबांचा किस्सा सांगताना माझं डोकं आजही दुखतं.

साहेबांच्या मिसेस मला एका लग्नात भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, आईने दिलेली कोयरीची पाटली आहे माझ्याकडे, कधी घासलेलीच नाही, बँकेत असते. कधी घासलेलीच नाही! माझ्या हातातलं जिलबीचं ताट पडायचं राहिलं. म्हटलं, ताई, तुमच्या पाया पडते, मला फक्त एक दिवस बघायला द्या. फोटो काढते, ठसा घेते, परत करते. त्या लगेच तयार झाल्या. पुढच्या आठवड्यात साहेबांकडे पाठवते म्हणाल्या.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. तात्यांनाही सांगितलं. ते वरवर म्हणाले, "बघू." पण त्या दिवशी सकाळी दाढी करून, धुतलेली टोपी घालून बसले.

साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन. रुमालाची घडी उलगडली. आत पाटली होती. लख्ख, गोल, गुळगुळीत. पाण्याच्या पाइपचा तुकडा कापून आणल्यासारखी.

"साहेब, ही नाही. कोयरीची."

"तीच ही!" साहेबांचा चेहरा फुलला. "तुम्ही एवढ्या अगत्याने मागितलीत, मग तशीच काळी कशी द्यायची? घरी माझं छोटं ग्राइंडर आहे, घासून चकाकी आणणारं बफिंग व्हील बसवलेलं. म्हटलं, आपल्या हातचं काम दाखवू." मग त्यांनी खिशातून मायक्रोमीटर काढला. मोजपट्टीचा धाकटा भाऊ, केसाचीही जाडी मोजतो. पाटलीला चार ठिकाणी लावून दाखवला. "बघा. कुठेही मोजा. रेघभराचा फरक सापडणार नाही!"

"आणि नक्षी?" मी विचारलं.

"तेच तर! फार खडबडीत होतं हो ते. दोन तास लागले काढायला."

तात्यांनी पाटली हातात घेतली. मला वाटलं, आता ते साहेबांना पाटीवर लिहिल्याप्रमाणे बोलणी ऐकवणार. पण तात्यांनी ती फक्त फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, "काम चोख हाय." एवढंच बोलून टोपी काढून ठेवली. साहेब खूश होऊन गेले. मी आत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं. रडले म्हणा हवं तर.

*

साखर कारखान्यात रस पांढरा करायला गंधक जाळतात. त्या धुराने चांदी काळी पडते. तिकडच्या एका कॉलनीतले एक भाऊ तणतणत दुकानात आले. बायकोचे नवे पैंजण काउंटरवर आपटले. "ही कसली चांदी? आठ दिसात कोळसा! नकली माल इकता व्हय?"

मी विचारलं, "ड्यूटी कुठं असते, दादा?"

"गंधकाच्या भट्टीवर."

"आणि पैंजण कुठं ठेवता?"

"माझ्या ड्यूटीच्या कापडांत गुंडाळून. चोराला संशय येऊ न्हाई म्हनून."

मी त्यांना नीट समजावलं. गंधकाने खरी चांदीच काळी पडते, स्टीलला काही होत नाही. तुमचे पैंजण खरे आहेत, म्हणूनच काळे पडले. दादा विचारात पडले. माफी मागितली, चहा घेतला, गेले. मला वाटलं, चला, एक तरी माणूस शहाणा झाला.

महिन्याभराने त्याच कॉलनीतल्या सात-आठ बाया एकदम आल्या. प्रत्येकीच्या हातात काळाठिक्कर दागिना. जोडवी, मेखला, छल्ला, सगळं. आणि एकीच्या हातात पाटली! कोयरीची! पण काळं पडलं म्हणून तिने आधीच तारेच्या चोथ्याने भांड्यांबरोबर घासली होती. कोयरी दिसत नव्हती, चोथा दिसत होता.

"अहो, एवढे दागिने एकदम काळे कसे झाले?" मी किंचाळले.

"टेस्टिंग केलं की," त्या म्हणाल्या. "ते भट्टीवरलं भाऊ सगळ्यांचं दागिनं ड्यूटीला घिऊन जात्यात. काळं पडलं की खरं. समद्यांचं खरं निघालं, वहिनी!"

*

आमच्याकडे कुलदैवतांचे चांदीचे टाक असतात. टाक म्हणजे हाताने ठोकून उठाव दिलेली देवाची, नाहीतर वाडवडिलांची, बोटभर प्रतिमा. घरात जागरण-गोंधळ निघाला की टाक आधी आमच्याकडे उजळायला येतात.

नरसिंहपूरकडचं एक ऊसवालं घर. तीन भाऊ आणि त्यांची म्हातारी आई. टाक पाच, पण पिढ्यान् पिढ्या चिंच आणि राखेने घासून एकाही देवाला चेहरा उरलेला नाही. पाच नुसते चांदीचे पत्रे. भावांचं दुकानातच जुंपलं. थोरला म्हणे हा खंडोबा, मधला म्हणे छट्, हा जोतिबा. धाकट्याने सरळ मोबाइल काढला, "नवं घिऊ की! मशीनचं. नाकडोळं एकदम क्लिअर."

मी तर पेटलेच. म्हटलं, "अहो मामा, देवाचं नाक घासून टाकलंत, आणि आता ओळख पटत नाही म्हणून भांडताय? लाज कशी वाटत नाही?"

म्हातारीने पाचही टाक स्वतःच्या ओंजळीत घेतले. एकेकावरून अंगठा फिरवला आणि फडाफडा काउंटरवर मांडले. "ह्यो खंडोबा. ह्यो जोतिबा. ही आई. ह्यो म्हसोबा. ह्ये आमचं वडील."

"कशावरून ओळखलंत, आजी?" मी विचारलं.

"वळखायचं काय त्यात? रोज माझ्याच हाताखाली असत्यात न्हवं?"

मी तात्यांकडे बघितलं. आता ते राखेवरचं व्याख्यान देतील, या आशेने. तात्यांनी पाचही टाक स्वतः रिठ्याच्या पाण्यात बुडवले, मऊ धोतराच्या तुकड्याने टिपले आणि आजींच्या पदरात घातले. शब्दही बोलले नाहीत. मला जरा रागच आला.

*

आता शेवटचं सांगते. हे यंदाचंच आहे.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजतो, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत सगळं धुऊन, उजळून ठेवावं लागतं. त्यात दसऱ्यासाठी चांदीची आपट्याची पानं घ्यायला झुंबड. हा आदला दिवस म्हणजे वर्षातला सगळ्यात गर्दीचा. आणि दरवर्षी, अगदी दरवर्षी, त्याच दिवशी दुपारी तात्या म्हणतात, "जरा पडतो," आणि दोन तास गायब होतात! पंचवीस वर्षं मी हे बघते आहे आणि पंचवीस वर्षं मनातल्या मनात जळते आहे.

यंदा दुपारी एक इंदापूरच्या आजी आल्या. तात्यांच्या गल्लीतल्या. माझ्या टेबलावरची अर्धवट वेल बघून म्हणाल्या, "ही तर तुज्या सासूची कोयरी! तात्यानं पयली पाटली तिलाच केली हुती, लग्नात. काय नक्षी हुती, बाई! आमी बाया बघाय जायाचो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिली पाटली! आणि ती घरातच! सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, ती नक्कीच ट्रंकेत जपून ठेवलेली असणार. दोन वर्षं मी गावोगाव धुंडाळते आहे आणि तात्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही? नवऱ्याला म्हटलं, सांभाळा गर्दी, आणि मागच्या गल्लीत घराकडे पळत सुटले. चप्पलसुद्धा उलटसुलट घातली होती.

आमच्या घरात तात्या आणि आत्याबाई यांचं बोलणं म्हणजे दिवसाला चार शब्द. आत्याबाई म्हणतात, "समदं बोलनं दुकानात सपवून येत्यात." तर मी मागच्या दारी गेले. लिंबाखाली, पायरीवर आत्याबाई बसलेल्या. समोर पाटावर तात्या. बाजूला वाटीत रिठ्याचा फेस. आत्याबाईंचा डावा हात तात्यांच्या मांडीवर.

"आत्याबाई, ती लग्नातली पाटली कुठाय? कोयरीची? ट्रंकेत का?"

"ट्रंकंत कशाला?" त्यांनी हात जरासा वर केला. "ही काय."

ही? ही पाटली मी पंचवीस वर्षं रोज बघते आहे. भाकरी थापताना, तांदूळ निवडताना. साधी, सपाट, पट्टीसारखी. मला वाटायचं, ती घडवलीच साधी.

"हिच्यावर नक्षी कुठाय?"

"हुती की. येकवीस कोयऱ्या. मी मोजायची लगीन झाल्यावर, येळ जात नसायचा तवा."

"मग गेल्या कुठं?"

तेवढ्यात मला पाटाशेजारी एक डबी दिसली. उघडी. पांढरी पूड.

"तात्या! रांगोळी?" मी इतक्या जोरात ओरडले की लिंबावरचे कावळे उडाले. "तुम्ही? दुकानात पाटी कुणी लावली? लेकराच्या गालावर दगड कोण घासतं म्हणून जगाला कोण शिव्या घालतं? माझ्याकडे द्यायची होती उजळायला, मी काय मेले होते का?"

तात्यांनी वर बघितलं नाही. एका हाताने आत्याबाईंचं मनगट धरलेलं, दुसऱ्यात ओलं फडकं. "निघत न्हाय हातातनं," ते म्हणाले. "लगनात साबन लावून चढवलेली. हातातच उजळावी लागती. धरून."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

पाटली एवढी लखलखत होती की तिच्यात लिंबाचा पाला हलताना दिसत होता. दोन वर्षं शोधत होते तो सांधा तिथंच कुठंतरी होता, घासून गेलेला. शेवटी मी म्हटलं, "बास करा आता, तात्या. घासायला काही उरलेलं नाही."

तात्यांनी फडकं खाली ठेवलं.

आत्याबाईंनी हात काढून घेतला नाही. मनगट इकडून तिकडे फिरवलं, पाटली डोळ्यांजवळ नेऊन बारकाईने बघितली आणि परत तात्यांच्या मांडीवर ठेवली.

"हितं काळं ऱ्हायलंय बघा," त्या म्हणाल्या.

तात्यांनी चष्मा लावला. वाकून, नीट बघितलं. आणि डबीतून चिमूटभर रांगोळी घेतली.